स्नायूंची नावे आणि आपले दुखणे

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत आम्ही दोघांनी मिळून दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. छापताना थोडी काटछाट केली आहे, पण बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे.)



कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला होता ‘वाढत्या वयात स्नायूंची काळजी’. आम्ही हो म्हटले, घरी येऊन टिपणे काढायला बसलो आणि लक्षात आले की काळजी कशी घ्यावी हे सांगणारे व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर रोज सकाळी फुलांच्या चित्रांसोबत येतच असतात. त्यात भर घालण्याजोगे आमच्याजवळ फारसे नाही. आमच्यापैकी एकाने तीस वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवले, म्हणजे मुलांकडून स्नायूंची लॅटिन नावे घोकून घेतली. दुसरीने जवळपास तेवढीच वर्षे फिजिओथेरपी केली, म्हणजे तेच स्नायू ज्यांचे दुखतात त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी या दोन कामांची आमच्या घरात गाठ पडते आणि वाद होतो तो बहुतेक वेळा एखाद्या शब्दावरून. म्हणून आज शब्दांवरच बोलणार आहोत. काळजीचे थोडेफार त्यातच येईल.

बाप्पा समोर बसले आहेत, तेव्हा सुरुवात त्यांच्या वाहनापासून करू. इंग्रजीतला ‘मसल’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘मुस्क्युलस’वरून आला, आणि मुस्क्युलस म्हणजे छोटा उंदीर. आपला मूषक आणि लॅटिनमधला ‘मुस’ हे एकाच मुळातून निघालेले चुलतभाऊ. कोपरात हात वाकवून मूठ आवळली की दंडाच्या कातडीखाली काहीतरी टुणकन वर येते आणि हात सरळ केला की पळून जाते. जुन्या रोमन माणसांना ते चादरीखालून पळणाऱ्या उंदरासारखे दिसले. तेच आपल्या पूर्वजांना कसे दिसले? त्यांनी त्याला बेटकुळी म्हटले. काही घरांत अजून बेडकुळी म्हणतात, म्हणजे लहानशी बेडकी. आणि इथल्या आखाड्यातला पहिलवान दंडावर थाप मारून म्हणतो, ‘देखो, मछली!’ स्नायू तोच, पण रोममध्ये उंदीर, मराठीत बेडूक आणि हिंदीत मासा. (इथे सभागृहात तीन-चार आजोबांनी बाह्या वर सारल्या. कोणाचे काय दिसले ते छापत नाही.)

पुस्तकात या उंदराचे नाव बायसेप्स, म्हणजे दोन डोक्यांचा, कारण खांद्याकडे तो दोन ठिकाणी हाडाला चिकटलेला असतो. दंडाच्या मागचा ट्रायसेप्स तीन डोक्यांचा आणि मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स चार डोक्यांचा. शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना ती यादी पाहून घाम फुटतो. पण नाव उलगडले की आत फार घरगुती गोष्ट निघते. गालातला एक स्नायू आहे, बक्सिनेटर. त्याचा अर्थ तुतारी फुंकणारा. मिरवणुकीत तुतारीवाल्याचे गाल बघा, तोच स्नायू कामाला लागलेला असतो. चावताना कानापुढे जो हलतो तो मॅसेटर, म्हणजे नुसता ‘चावणारा’. खांद्यावरचा डेल्टॉइड हा ग्रीक डेल्टा अक्षरासारखा त्रिकोणी. पोटरीच्या स्नायूचे नाव गॅस्ट्रोक्नेमियस ऐकून मुले दचकतात, पण ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘पायाचे पोट’ एवढाच. आपल्या ‘पोटरी’ शब्दात पोट ऐकू येतेच की!

आणि सार्टोरियस. खुब्याच्या बाहेरून निघून मांडीवरून तिरका उतरत गुडघ्याच्या आतल्या बाजूला जाणारा हा शरीरातला सर्वांत लांब स्नायू. सार्टर म्हणजे शिंपी. पूर्वी शिंपी मांडी घालून कपडे शिवत बसत, आणि मांडी घालताना पाय जसा वळतो तसा वळवायला हा स्नायू मदत करतो, म्हणून हा शिंप्याचा स्नायू. आरतीनंतर सतरंजीवर बसताना तुम्ही सगळ्यांनी तो वापरला आहे. या शिंप्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

मध्ये एक गंमत करू. सगळ्यांनी उजवा हात पुढे करा, अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडे आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी ताणलेली दिसते का? ती पामारिस लाँगस या स्नायूची कंडरा. ज्यांना दिसत नाही त्यांनी घाबरू नये. हा स्नायू काही लोकांना जन्मतःच नसतो, काहींना एका हाताला असतो आणि दुसऱ्याला नसतो, आणि त्यावाचून कुणाचे काही अडत नाही. म्हणूनच हाताची दुसरी एखादी कंडरा तुटली तर सर्जन ही दोरी काढून तिकडे वापरतात. देवाने दिलेला स्पेअर पार्ट म्हणा.

आता खऱ्या भानगडीकडे वळू. आपण मराठीत ‘स्नायू’ म्हणतो तेव्हा मसल म्हणतो. बडोद्यातल्या आपल्या मंडळींचे गुजराती शेजारी आणि बेळगावातले कन्नड शेजारीही स्नायू म्हणजे तेच समजतात. पण बंगाली माणसाला स्नायू म्हणजे नर्व्ह, आपण ज्याला मज्जातंतू किंवा चेतातंतू म्हणतो ते. हिंदीत तर दुहेरी घोटाळा आहे. नववीच्या हिंदी विज्ञानाच्या पुस्तकात स्नायु म्हणजे लिगामेंट, हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा, ज्याला मराठी शाळेत अस्थिबंध म्हणतात. आणि जुन्या हिंदी लिखाणात ‘स्नायविक दुर्बलता’ असे आले की ती नर्व्हची कमजोरी. मसलला हिंदीत म्हणायचे मांसपेशी किंवा नुसते पेशी. पेशी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? सेल. पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी. आणि इंदूरच्या वकिलाला विचाराल तर पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. तिकडे हैदराबादच्या नातेवाइकांना विचारा, तेलुगूत ‘कंडरं’ म्हणजे मसल. आपल्याकडे कंडरा म्हणजे टेंडन, मसलला हाडाशी जोडणारी दोरी.

हे सगळे शब्द एकाच माहेरचे आहेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी ५००, स्नायू ९०० आणि कंडरा १६ अशी मोजदाद केलेली आहे. मृत शरीर वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, मग हलक्या हाताने एकेक थर घासून काढत हे कसे पाहायचे, तेही तिथे सांगितले आहे. त्या ग्रंथात पेशी म्हणजे मांसाचे पिंड, आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या. नावेच्या फळ्या दोऱ्यांनी घट्ट बांधल्या की ती भार वाहू शकते, तसे शरीर स्नायूंनी बांधलेले आहे, असा दृष्टांत तिथे येतो. म्हणजे सुश्रुताच्या हिशोबाने आपण मराठी लोक दोरीला मांस म्हणतो आणि मांसाला सेल. सासरी गेलेल्या मुलींसारखे हे शब्द ज्या त्या घरच्या रीतीला लागले, एवढेच.

यात चूक कोणाचीच नाही. पाश्चात्त्य वैद्यकातही असाच गोंधळ होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शरीराच्या भागांना वेगवेगळ्या देशांतल्या पुस्तकांत मिळून सुमारे ५०,००० नावे चालू होती. १८९५ साली बाझेलला शरीररचनातज्ज्ञांनी ती छाटून सुमारे ५,५०० वर आणली. आपल्याकडे महाराष्ट्राचे भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले आणि दिल्लीचा वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग १९६१ साली. एकाने मराठी परिभाषेचे काम केले, दुसऱ्याने हिंदीचे. दोन्ही कामे कष्टाची आणि मोलाची, पण आपण मराठी बोलणारी माणसे हिंदी प्रदेशात राहतो, तेव्हा या दोन परिभाषांच्या मधल्या फटीत आपला पाय अडकतो.

हसण्यासारखे प्रकार तुम्हाला ठाऊक आहेतच. आपल्या काकू दवाखान्यात जाऊन सांगतात, ‘डॉक्टरसाब, मेरी मान दुखती है.’ डॉक्टरला वाटते, यांचा कुणी अपमान केला. आजोबा म्हणतात, ‘गुडघे की लवण में दर्द है.’ लवण म्हणजे गुडघ्यामागची खळगी, पण हिंदीत लवण म्हणजे मीठ. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, त्यांना दुसरीकडच्या डॉक्टरने सोनोग्राफी लिहून दिली होती, कारण त्यांनी सांगितले होते, ‘पोटरी में गोले आते हैं.’ हिंदी कानाला गोला म्हणजे गाठ. आजींना म्हणायचे होते की रात्री पोटऱ्या वळतात. सोनोग्राफी स्वच्छ निघाली, पैसे गेले, आणि पोटऱ्या त्या रात्रीही वळल्याच.

पण आम्ही हा विषय घेतला तो हसण्यासाठी नाही. चार वर्षांपूर्वी आमच्याच घरात जे झाले ते आज पहिल्यांदा चारचौघांत सांगत आहोत. आईंची परवानगी घेतली आहे. (आमच्यापैकी एक त्यांना अगं म्हणतो, दुसरी अहो म्हणते. छापायचे आहे म्हणून अहोच ठेवले.) आई तेव्हा एकोणऐंशी वर्षांच्या होत्या. जन्म इंदूरचा, हिंदी आपल्या सगळ्यांसारखीच, घरात मराठी आणि भाजीवाल्याशी फर्डी हिंदी. आम्ही दोघे लग्नासाठी पुण्याला गेलो होतो. आई न्हाणीघरात घसरल्या. उठल्या, चालल्या, पण दुखत होते म्हणून शेजारच्या वहिनी त्यांना एका इस्पितळात घेऊन गेल्या. तिथे एक तरुण डॉक्टर होता. त्याने नीट आस्थेने विचारले, ‘माताजी, कहाँ दर्द है?’ आई म्हणाल्या, ‘जांघ में.’

मराठीत जांघ म्हणजे मांडी आणि ओटीपोट यांच्यामधली खाच. हिंदीत जांघ म्हणजे अख्खी मांडी. आईंनी बोट ठेवून दाखवले नाही. नातवाच्या वयाच्या परक्या पुरुषासमोर तिथे बोट ठेवायचे त्यांच्या मनातही आले नसते. त्याने मांडी दाबून पाहिली, मांडीचा एक्स-रे काढला, हाड ठीक दिसले. ‘मसल में खिंचाव है,’ म्हणून गोळ्या आणि मलम लिहून दिले. वहिनींनी आम्हाला फोन केला. पलीकडून ‘मसल स्ट्रेन’ हे दोन शब्द ऐकले आणि आम्हाला हायसे वाटले.

खुब्याचे हाड मोडले की दुखते ते जांघेत. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाची जांघ दुखत असेल तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत खुबा मोडला असेच धरून चालायचे, हे आमच्यापैकी एकाने तीस वर्षे फळ्यावर लिहिले आहे आणि दुसरीने विद्यार्थिनींना बजावले आहे. आम्ही फोनवर एवढेही विचारले नाही की आई जांघ म्हणाल्या की मांडी म्हणाल्या. वहिनींनी कदाचित सांगितलेही असते. आम्हाला ‘मसल’ हा आमचा ओळखीचा शब्द मिळाला होता ना.

पाच दिवस आई भिंतीला धरून चालल्या. मोडलेले हाड एकमेकांत रुतून जागेवर बसलेले असले तर माणूस काही दिवस असा चालू शकतो. सहाव्या दिवशी सकाळी देवघराशी वळताना पाय गेला. या वेळी एक्स-रे खुब्याचा काढला. मांडीच्या हाडाची मान मोडून सरकली होती. जागेवर असती तर स्क्रू घालून भागण्यासारखे होते, आता हाडाचा वरचा गोळाच बदलावा लागला. त्या तरुण डॉक्टरने पाय खुब्यात फिरवून पाहायला हवा होता, हे खरेच आहे. पण त्याच्यावर राग धरायला गेलो की आमचा फोन आठवतो.

शस्त्रक्रिया चांगली झाली. आई काठी घेऊन चालतात, समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत. मात्र त्यांना मांडी घालून बसायला मनाई आहे. शिंप्याच्या स्नायूची गोष्ट म्हटले होते ना, ती ही. साठ वर्षे ज्या बाईने मांडी घालून, मांडीवर परात टेकवून मोदकांची पारी वळली, त्या आता टेबलाशी खुर्चीवर बसून वळतात. कळ्या पूर्वीसारख्या पडत नाहीत अशी त्यांची तक्रार आहे. आम्हाला तर फरक दिसत नाही.

त्यानंतर आम्ही दोघे शब्दांच्या मागेच लागलो. लक्षात आले ते असे की दुखण्यासाठी मराठीत जेवढे बारीक शब्द आहेत, त्यांतला जवळजवळ प्रत्येक शब्द डॉक्टरला काहीतरी नेमके सांगतो. आणि आपण दवाखान्याची पायरी चढलो की ते सगळे बाहेर काढून ठेवतो आणि आत जाऊन म्हणतो, ‘दर्द होता है’ किंवा ‘पेन आहे’.

‘रग लागणे’ घ्या. हात वर करून पंख्याची पाती पुसा, पाच मिनिटांत दंडाला रग लागते. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्यातला रक्तप्रवाह अपुरा पडतो, म्हणून ती रग. हात खाली सोडला की जाते. आता एखादे आजोबा म्हणाले, ‘राजवाड्यापर्यंत गेलो की पोटरीत रग लागते, दोन मिनिटे उभा राहिलो की बरे वाटते, पुन्हा तेवढेच चाललो की पुन्हा लागते,’ तर या एका वाक्यात अर्धे निदान आले. पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची ती खूण असू शकते. वैद्यकात त्याला क्लॉडिकेशन म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसता लंगडणे, म्हणजे आपला शब्द त्यापेक्षा सरस. पण हिंदीत ‘रग’ म्हणजे नस, तेव्हा ‘रग लगती है’ म्हणून भागणार नाही. तिथे सगळी हकीगतच सांगावी: किती चालल्यावर, किती वेळ थांबल्यावर.

रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो, पेटका येतो, कोकणातले लोक वांब म्हणतात, ते वेगळे. तो स्नायूचा अचानक आवळ. पाऊल नडगीकडे ओढून धरले की सुटतो. इकडे त्यालाच ‘नस चढ़ गई’ म्हणतात आणि मग माणूस नसांचे औषध शोधत फिरतो. नस चढत-उतरत नाही, चढतो तो स्नायू. आणि एकच पोटरी सुजली, गरम लागते, दाबले की दुखते, तर त्याला ना रग म्हणायचे ना गोळा. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी तेल चोळत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

‘उसण भरली’ म्हणजे वाकताना किंवा वळताना पाठीत एकदम पकडले. ‘लचक’ आणि ‘मुरगळणे’ हेही एक नाहीत. आपण पाठ लचकली म्हणतो आणि घोटा मुरगळला म्हणतो. पहिल्यात बहुधा स्नायूचे तंतू ताणले जातात, त्याला इंग्रजीत स्ट्रेन. दुसऱ्यात सांध्याचा अस्थिबंध ताणला जातो, तो स्प्रेन. दोन इंग्रजी शब्दांत एका अक्षराचा फरक, शिकलेली माणसेही गोंधळतात, पण मराठी आजी कधी ‘घोट्यात उसण भरली’ म्हणणार नाही. ‘आखडणे’ म्हणजे सकाळी उठल्यावर सांधे-स्नायू ताठलेले असणे. ‘मुंग्या येणे’, ‘बधिर होणे’ हे मज्जातंतूचे काम, स्नायूचे नव्हे. आणि ‘कळ’. चढण चढताना छातीतून डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जाते आणि थांबले की कमी होते, असे कोणी म्हणाले तर ‘स्नायू आखडला असेल’ म्हणून घरचे निदान कृपा करून करू नका. तिथे स्नायूच दुखत असतो, पण तो हृदयाचा.

कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या इथे बऱ्याच जणांना चालू असतील. गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे सारखेच भरून आल्यासारखे दुखू लागले तर डॉक्टरला सांगावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. लघवी काळ्या चहासारखी झाली तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी जावे.

रिपोर्टमधल्या शब्दांबद्दलही थोडे. ‘मायो’ म्हणजे स्नायू. मायाल्जिया म्हणजे स्नायू दुखणे, एवढेच. ते लक्षण झाले, रोगाचे नाव नव्हे. मायोसायटिस म्हणजे स्नायूला सूज किंवा दाह, तो वेगळा तपासावा लागतो. मायोकार्डियम हा हृदयाचा स्नायू. बायकांच्या सोनोग्राफीत लायोमायोमा किंवा मायोमा लिहिलेले असते ती गर्भाशयाच्या स्नायूची गाठ, आणि ती बहुतेक वेळा साधी असते. पण ‘मायलो’ हे वेगळे मूळ आहे, त्याचा संबंध हाडांच्या मगजाशी किंवा पाठीच्या मज्जारज्जूशी. मायलोमा हा मगजातला कर्करोग. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी मायोमाचा रिपोर्ट हातात घेऊन मोबाइलवर मायलोमा वाचले आणि दोन रात्री झोपल्या नाहीत. एका ‘ल’चा हा प्रताप. आणि मायोपियाचा तर स्नायूशी काहीच संबंध नाही. ते डोळे बारीक करून पाहणे, म्हणजे जवळचे तेवढे दिसणे.

आपल्या मध्य प्रदेशात १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली, हे तुम्ही वाचलेच असेल. त्यात बरेचसे इंग्रजी शब्द जसेच्या तसे देवनागरीत घेतले आहेत. यावर खूप टीका झाली, टिंगलही झाली. आमच्या घरात मत विभागलेले आहे. शिकवणारा म्हणतो, बायसेप्सला बायसेप्सच म्हणू द्या. नवा संस्कृत शब्द घडवला तर मुलाला दोन परक्या भाषा शिकाव्या लागतील, आणि तो शब्द प्रत्येक प्रांतात वेगळा अर्थ घेणार हे स्नायूने दाखवलेच आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणते, पुस्तकात काय छापायचे ते छापा, पण पानाच्या कडेला एक ओळ द्या की इथल्या बायका याला काय म्हणतात, माळवी काय म्हणतो, मराठी काय म्हणतो. रोगी पुस्तकातले शब्द वाचून येत नाही. या बाबतीत घरातले अंतिम मत कोणाचे असते, ते विवाहितांना सांगायला नको.

म्हणून आम्ही आमच्यापुरते एक काम केले. एका मोठ्या कागदावर माणसाची पुढची आणि मागची आकृती काढली आणि प्रत्येक जागेला मराठी आणि हिंदी, दोन्ही नावे लिहिली. दंड आणि बाजू, कोपर आणि कोहनी, मान आणि गर्दन, पोटरी आणि पिंडली, मांडी आणि जांघ. मराठी जांघेसमोर हिंदीत एक शब्द पुरला नाही, तिथे ‘पेट और जांघ के बीच का जोड़’ असे लांबलचक लिहिले आणि लाल गोल केला. खुबा आणि कूल्हा लिहिताना एका विद्यार्थ्याने विचारले, कूल्हा म्हणजे कुल्लाच ना? नव्हे. कूल्हा म्हणजे खुबा, कुल्ला म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि हिंदीत कुल्ला म्हणजे चूळ. तेवढे सांभाळा. ज्यांना बोलायला संकोच वाटतो त्यांनी त्या चित्रावर नुसते बोट ठेवावे. स्वतःच्या अंगावर नको, कागदावर ठेवायला कुणाची हरकत नसते. घरातल्या तरुणांना आमची विनंती एवढीच की आजी-आजोबांबरोबर दवाखान्यात जाल तेव्हा त्यांचे म्हणणे एका शब्दात उरकू नका. ते मराठीत जे म्हणाले ते आधी पूर्ण ऐका, मग हिंदीत सांगा.

तो कागद तयार झाल्यावर पहिल्यांदा आईंना दाखवला. चष्मा लावून त्यांनी डोक्यापासून टाचेपर्यंत सगळा वाचला आणि म्हणाल्या, ‘लवण राहिली की रे तुमची. आणि चवडा कुठंय?’ दोन्ही शब्द त्यांनी पेन्सिलने स्वतः लिहिले. त्याच कागदाच्या प्रती आज दाराशी, प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जा. तुमच्या घरातला एखादा शब्द त्यात नसेल तर खाली जागा सोडली आहे, तिथे लिहून आम्हाला परत द्या. ग्वाल्हेरकडचे, देवासचे, धारचे शब्द आम्हाला विशेष हवे आहेत.

आरतीची वेळ झाली. तुतारीवालेही आलेले दिसतात.